पिवळ्या फितीची पावती

पूर्वरंग संपला, बुक्का लावून झाला, तरी लालबागच्या त्या सभागृहातलं एकही माणूस चहाला उठलं नाही. एरवी मध्यंतर म्हणजे अर्धी मंडळी जिन्यात. पण गेले तीन दिवस कीर्तनापेक्षा मध्यंतरालाच गर्दी होती, कारण मध्यंतरात बुधाजी महाराज बसायचे.

समोर पितळेचे दोन तांबे, शेजारी दानपेटी आणि पेटीपाशी शिष्य मयूर. दाता आला की मयूर त्याच्या मनगटाला पिवळी फीत बांधी, दान पेटीत पडे, मयूर कधी खोके, कधी नाही, आणि महाराज डोळे मिटून एका तांब्यातलं तीर्थ फितीवर शिंपडत. दान देवाला पावलं तर पिवळी फीत सगळ्यांदेखत लाल होई. नाही पावलं तर पिवळीच.

"ही थेट वरची पावती," महाराज सांगत. "तुमच्या मोबाईलचं नेटवर्क जाईल. इथला टॉवर कैलासावर आहे."

लोक हसत आणि पाचशेची नोट काढत. वीस-पन्नासाला फीत सहसा लाल होत नसे. कैलासावरही महागाई पोचली असावी.

सरोजिनीबाई पहिल्या रांगेत होत्या. कीर्तन हा त्यांचा जीव की प्राण. चिपळी वाजली की गुडघे दुखतात हेसुद्धा त्या विसरत. हा सप्ताह त्यांनीच मांडला होता. परळच्या इस्पितळांत गावाकडून आलेल्या रुग्णांच्या नातेवाइकांना त्यांचं स्वयंपाकघर रोज दुपारी फुकट जेवू घाली. पण पैसे आटले होते आणि महिनाअखेर चूल विझणार होती. म्हणून स्वयंपाकघराच्या मंडळाचे चिटणीस गणपतराव महाराजांना घेऊन आले. पेटीतलं निम्मं चुलीला, निम्मं महाराजांना.

"निम्मं?" बाईंनी विचारलं होतं.

"वहिनी, नुसत्या कीर्तनाला ताटात सुट्टे पडतात. चमत्कार म्हटला की पाकीट बाहेर येतं."

ते खोटंही नव्हतं. आणि खरं सांगायचं तर पहिली फीत लाल झाली तेव्हा बाईंनीही हात जोडले होते.

त्या दिवशी सुभद्रा पुढे आली. बीडकडची. नवरा इस्पितळात, ही रोज जेवायची आणि न सांगता सगळ्यांची ताटं घासायची. तिने वीसची नोट टाकली. फीत पिवळीच राहिली.

"मन आखडतंय, माई," महाराज म्हणाले. "घरचं माणूस इस्पितळात असताना हात आखडू नये. फीत सोडू नका, उद्या या."

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात सुभद्रानं हळूच विचारलं, "ताई, हितं जवळ सोनार कुठं हाय?"

"का गं?"

"कानातली फुलं मोडायची. शुक्रवारी मालकांचा रिपोर्ट हाय. फीत लाल झाल्याबिगर कसं व्हायचं?"

"आधी भांडी उरकू, मग बघू," बाई म्हणाल्या. सुभद्रा तशीच मोरीत बसून कढई घासू लागली आणि थोड्याच वेळात ओरडली, "ताई, पावला. देव पावला."

मनगटावरची फीत लालभडक झाली होती.

बाई बघतच राहिल्या. ना महाराज, ना तीर्थ, ना पाचशेची नोट. नुसता साबणाचा फेस. आणि मग त्यांना स्वतःचंच हसू आलं. चाळीस वर्षं पदरावर हळद सांडत आली, चाळीस वर्षं साबण लावला की तो डाग लाल होत आला, आणि चाळीस वर्षांत मोरीपुढे हात जोडायचं कधी सुचलं नव्हतं.

संध्याकाळी मध्यंतरात त्यांनी कीर्तनकार हेरंबबुवांना नमस्कार केला. "बुवा, पाच मिनिटं मला द्या."

"पाच कशाला, दहा घ्या. माझा चहा व्हायचाय."

बाई महाराजांपुढे बसल्या. "महाराज, आधी तुम्ही या उजवीकडच्या तांब्यातलं एक घोट तीर्थ घ्या."

"आज आमचा उपवास आहे."

"तीर्थानं उपवास मोडतो?"

मागून कुणीतरी फिसकन हसलं. महाराज तांब्याला हात लावीनात. मग बाईंनी पिशवीतून वाटीत हळद काढली, पाण्यात कालवून पांढरी चिंधी बुडवली. पानवाल्याकडचा चुना सकाळी पाण्यात टाकून ठेवला होता. वरची नितळ निवळी चिंधीवर शिंपडली. चिंधी लाल झाली.

"कैलासाचा टॉवर पानाच्या गादीवर आहे," बाई म्हणाल्या. "एका तांब्यात साधं पाणी, दुसऱ्यात ही निवळी. नोट केवढी ते मयूर बघतो आणि खोकतो. महाराज त्याप्रमाणे तांबा उचलतात."

मयूरला तेवढ्यात खरंच खोकला आला, आणि सभागृह हसून लोटपोट झालं. त्या गडबडीत महाराज तांबे तिथेच टाकून निघाले, पण पेटी गणपतरावांनी धरून ठेवली.

"वहिनी, बरं केलंत," ते कुजबुजले, "पण आता चुलीचं काय?"

बाईंनी सुभद्राला शेजारी उभं केलं आणि माईक घेतला. "मी देव मानते आणि मरेपर्यंत कीर्तन ऐकणार. पण हिच्या कानातली फुलं ओढायला देव फिती रंगवत बसत नाही. याआधी ज्यांनी भीतीनं दिलं असेल त्यांनी पेटीतून परत घ्यावं. आमच्याकडे रोज नव्वद माणसं जेवतात. एका माणसाचं जेवण चाळीस रुपये. सोमवारी दहा माणसांचं कोण घेतं?"

एक हात वर आला, मग दुसरा. दहा-दहा जेवणं करत पुढच्या आठवड्याचे पाच वार भरले, दोन राहिले.

शेवटच्या रांगेतले एक आजोबा उठले. "बाई, महाराजांवर विश्वास ठेवला तो फसला. मग तुमच्यावर तरी का ठेवायचा?"

गणपतरावांनी कपाळाला हात लावला. सरोजिनीबाईंचा चेहरा मात्र उजळला.

"नकाच ठेवू, आजोबा. ज्याला देता त्याला हेच विचारत जा. पैसा कुणाच्या ताटात जातो, वाटेत कोण किती खातो, आणि मला ते बघता येईल का. जो चिडेल त्याला देऊ नका. उद्या साडेदहाला स्वयंपाकघरात या, डाळ मोजा, हिशेब बघा. आणि येताना हात धुऊन या. कणीक मळायला माणूस कमी पडतंय."