आईसाठी रेडिओ

इंग्लंडातल्या बर्नलीच्या कापडगिरणीत, मागांच्या खडखडाटात आईचे कान गेले. गिरणीतल्या साऱ्या बायकांसारखी तीही ओठ वाचायची. मी मूकपटांतली नटी; पडद्यावर मरतानासुद्धा तिच्यासाठी पुटपुटायचे, "आई, जेवलीस का?" लोक रडायचे आणि तेवढ्या गिरणीवाल्या बायका खिदळायच्या.

मग बोलपट आले. माझी गावंढळ बोली कुणाला चालेना, म्हणून लंडनला रेडिओवर इतर नटांना घेऊन नाटकं बसवू लागले. आणि मी शहाणीने आईला रेडिओ घेऊन दिला!

नाताळात घरी गेले, तर ती रेडिओवर तळहात ठेवून बसलेली.

"कालच्या नाटकात छान बोललीस गं."

नाटकात मी नव्हतेच. रेडिओची वायर दुकानदाराने बांधली होती तशीच गुंडाळलेली होती.

मी समोर बसून नुसते ओठ हलवले, "आई, जेवलीस का?"

"किती वर्षांनी ऐकू आलीस गं!"