तिसऱ्या मजल्यावरची सरस्वती

रांग जिन्यावरून खाली पार्किंगपर्यंत आली होती आणि पार्किंगमधून बाहेर रस्त्यावरच्या रसाच्या गाड्यापर्यंत. रसवाल्याने दोन बाकं वाढवली होती. प्रत्येकाच्या हातात रिकामी बाटली आणि पायात काही नाही. लिफ्ट चालू होती, पण देवीला भेटायला लिफ्टने जायचं नाही असं महाराजांनी सांगितलेलं. त्यामुळे गुडघे बरे व्हावेत म्हणून आलेली मंडळी तीन जिने चढत होती.

वर, माझ्या समोरच्याच फ्लॅटात, गणपतराव खवरेंच्या बैठकीच्या भिंतीतून सरस्वती प्रकट झाली होती.

पंचगंगेतल्या चार नद्या दिसतात आणि पाचवी सरस्वती गुप्त आहे, हे कोल्हापुरात शाळेपासून ऐकलेलं असतं. ती नेमकी कुठे गुप्त होती, हे मात्र आता कळलं. खवऱ्यांची बैठक आणि पलीकडची बाथरूम यांच्यामधल्या विटांत.

तीन आठवड्यांपूर्वी संध्याकाळी भिंतीत फट्‌ असा आवाज झाला आणि सोफ्यामागून पाणी आलं. गणपतरावांची सून अनुजा हायस्कुलात विज्ञान शिकवते. तिने आधी पाण्याचा कॉक बंद केला आणि मग घरकर्जासोबत काढलेली विम्याची पॉलिसी शोधली. तेवढ्यात सासूबाई तानाबाईंनी भिंतीला हात लावला. त्यांना कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या आणि त्यांनी डोळे मिटले. तेव्हापासून घरात पॉलिसी मागे पडली.

दुसऱ्या दिवशी शिरोळकडून आकाराम महाराज आले. काखेत एक लाकडी पाट. तो मांडून ते भिंतीपुढे उभे राहिले आणि म्हणाले, "आईला तिसरा मजला आवडला."

अनुजा सासऱ्यांना म्हणाली, "मामा, अचानक पाईप फुटून घराचं नुकसान झालं तर कंपनी भरून देते. हळूहळू मुरलेल्या पाण्याचं देत नाही. आणि लगेच कळवायला लागतंय, पाणी थांबवायला लागतंय. आपण जेवढं वाहू देऊ, तेवढं आपल्या हातचं जाणार."

गणपतरावांनी भिंतीकडे बघितलं. वारणानगरच्या नोकरीतून निवृत्त होताना मिळालेलं सगळं त्यांनी या बैठकीत घातलं होतं. सागवानी कपाट, लाकडी फरशी, छताला नक्षी.

"देवीवर क्लेम करतीस व्हय, पोरी?" महाराजांनी विचारलं. "साक्षात सरस्वतीला नुकसान म्हणतीस? आणि तीही विद्येच्या खात्यात नोकरीला असून?"

रांगेतून कुणीतरी च्‌ च्‌ केलं. गणपतराव म्हणाले, "देवी आणि कंपनी दोन्ही एकदम कसं चालंल?" त्यांचा मुलगा विश्वजित आईच्या बाजूने होता आणि बायकोच्याही. म्हणजे गप्प होता.

मग रोजचा क्रम ठरला. अनुजा शाळेला जाताना कॉक बंद करायची. तिची स्कूटी गेटबाहेर पडली की तानाबाई उघडायच्या. "सरस्वतीचा गळा दाबती ही बया!"

घरातला करंट लागू नये म्हणून बसवलेला ईएलसीबी सारखा पडत होता. देवीच्या समोर अंधार नको, म्हणून महाराजांच्या एका भक्ताने तो काढून तारा थेट जोडून दिल्या. या सेवेबद्दल त्याला नारळ मिळाला.

चमत्कार वाढत गेले. सकाळी तीर्थ कोमट यायचं. त्या वेळी खवऱ्यांकडे अंघोळीसाठी गिझर चालू असतो. महाराज म्हणाले, "सकाळी आई अग्निरूपात असती." सोसायटीची मोटर जळाली आणि टाकी कोरडी पडली, त्या दिवशी भिंतही थांबली. महाराज म्हणाले, "आज आईचा उपास हाय." दुसऱ्या दिवशी मोटर दुरुस्त झाली. आईने उपास सोडला.

तोवर प्लास्टर फुगून बाहेर आलं होतं. त्यात महाराजांना वीणा दिसली. कपाटाची दारं फुगून लागेनाशी झाली होती आणि लाकडी फरशी होडीसारखी वर उचलली होती. त्यात त्यांना हंस दिसला.

शनिवारी शाळा सकाळची असते. अनुजा दुपारी घरी आली तेव्हा बैठक भरलेली होती. ती चपला न काढता कडेकडेने भिंतीपाशी गेली आणि पर्समधला टेस्टर ओल्या प्लास्टरला टेकवला. टेस्टरचा दिवा लागला.

"तेज!" महाराज ओरडले. "बघा, आईचं तेज!"

अनुजा वळली. आत पॅसेजमध्ये गेली, परत आली, टेस्टर लावला. पुन्हा आत गेली. असं तीनचारदा झालं. महाराजांचं तिच्याकडे लक्ष नव्हतं, त्यांचं प्रवचन रंगात आलं होतं.

"हजारो व्होल्टची शक्ती हाय ही! भक्तानं पाय धुऊन, ओल्या पायानं यायचं. एका बोटानं शिवायचं. जास्त हाव धरायची न्हाय. माझी चाळीस वर्षांची साधना हाय, म्हणून मला आख्खा पंजा ठेवता येतोय!" आणि पाटावर उभं राहून त्यांनी आख्खा पंजा ठेवला. लोकांनी हात जोडले.

"महाराज," अनुजा म्हणाली, "पाटावरनं उतरून ठेवा की."

"पाट हे आसन हाय. आसन सुटलं की तप मोडतं."

लोक अनुजाकडे रागाने बघायला लागले. आणि तेव्हा तानाबाई पुढे झाल्या. त्यांचा महाराजांवर पूर्ण विश्वास होता, आणि खरी अडचण तीच झाली.

"उतरा की वो, महाराज. ही रोज माझं डोकं खाती. एकदा उतरून हात लावा आणि हिचं तोंड बंद करा."

"आज दिवस बरा न्हाय."

"काल बरा हुता?"

"आई, श्रद्धेची परीक्षा घेऊ नये."

"तुमची कुठं घेतोय? हिची घेतोय की! उतरा."

महाराज उतरले नाहीत. त्यांची नजर भिंतीवर नव्हती. ती खाली होती, पाटाभोवतीच्या पाण्यावर. बैठकीतल्या सगळ्यांनी ती नजर बघितली.

"मग मी लावतो," तानाबाई म्हणाल्या. ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून त्यांनी पाचही बोटं भिंतीला टेकवली. थांबल्या. दुसरा हातही टेकवला.

"अनुजा, झिणझिण्या कुठं गेल्या गं?"

"मी बंद केल्या, आत्ती. गिझरच्या लाईनचा स्विच पाडून आलोय. गिझरचा पाईप आणि गिझरची वायर याच भिंतीतनं गेलीया. पाईप फुटला, वायरचा जोड भिजला, करंट भिंतीत उतरला. ओल्या पायानं उभं राहिलं की तो अंगातनं जमिनीत जातो. कोरड्या पाटावरनं जात नाही. आत्ता भिंतीत काहीच नव्हतं. महाराज खुशाल उतरू शकत होते. पण त्यांना ते माहीत नव्हतं."

तानाबाईंनी भिंतीवरचे हात काढले आणि पाटाकडे बघितलं.

"म्हणजे बाकीचं तुमास्नी ठावं हुतं," तानाबाई महाराजांना म्हणाल्या. "पाट घेऊनच आलासा. आणि माझ्या नातीला, चार वर्षाच्या मोनाला, पाय धुऊन हात लावायला लावलासा."

महाराज पाट तिथेच ठेवून गेले. आसन सुटलं ते असं. जिन्यावरच्या लोकांना काही कळलेलं नव्हतं. उतरणाऱ्या महाराजांच्या पाया पडत ते वर चढत होते.

त्या दिवशी कॉक बंद केला तो तानाबाईंनी.

सोमवारी विमा कंपनीकडून निसार मुल्ला नावाचे सर्व्हेअर आले. पाणी शुक्रवारी सुरू झालं म्हणून सांगा, असं शेजाऱ्यांनी गणपतरावांना सुचवून ठेवलं होतं. त्यांनी तोंड उघडलंही. मुल्ला शांतपणे म्हणाले, "काका, आमच्या गल्लीतली निम्मी माणसं इथनं बाटल्या भरून गेल्यात. पंधरा दिवस झालं."

गणपतरावांनी तोंड मिटलं आणि खरं सांगितलं.

मुल्लांनी भिंत ठोकून बघितली, फरशी बघितली. पाईप अचानक फुटला हे त्यांनी मान्य केलं. पहिल्या दिवशी जे भिजलं, त्याची शिफारस करतो म्हणाले. पाईप स्वतःच्या खर्चाने बदला. आणि नंतरचे तीन आठवडे, फुगलेलं कपाट, उचललेली फरशी, यातलं काही बसणार नाही. माहीत असून वाहू दिलेलं पाणी हा अपघात होत नाही.

तानाबाईंनी विचारलं, "पहिल्याच दिवशी पाईप म्हणालो असतो तर?"

"तर बहुतेक सगळं मिळालं असतं, मावशी."

तानाबाई सागवानी कपाटाच्या दाराशी गेल्या आणि ते लावायचा प्रयत्न करत राहिल्या. ते लागलं नाही.

पॉलिसीत काय बसतं आणि काय नाही, हे प्रत्येकाने पाणी यायच्या आधी आपली पॉलिसी काढून वाचावं. आणि भिंत ओली दिसली तर कोरड्या पायांनी जाऊन आधी मेन स्विच पाडावा. मग कॉक बंद करावा. मग कंपनीला फोन लावावा. एवढं झाल्यावर नमस्कार करायला कुणाची हरकत नाही. देव खरोखर आला असेल, तर तो प्लंबर येईपर्यंत थांबेल.