करणी झालेलं शहाळं

चौलच्या देवळामागच्या मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. जो तो हातात लघवीची बाटली धरून उभा. हरेश्वरबुवांचं यंत्र त्यातला एकच थेंब ओढून घेई, चाक गरगर फिरे, घंटी वाजे आणि पिवळी पट्टी बाहेर येई. पिवळीच राहिली तर साधा आजार. लाल झाली तर करणी.

"विज्ञानाचं अंग, मंत्राचा प्राण," बुवा डोळे मिटून सांगत. "हे यंत्र खोटं बोलत नाही, कारण त्याला तोंडच नाही."

चंद्राबाईच्या नवऱ्याची, शिवदासची, पट्टी लाल निघाली होती. त्याला मधुमेह. बुवांनी इन्सुलिनची सुई थांबवून अंगारा दिला आणि आठवडाभरात शिवदासची शुद्ध हरपली. मुंबईच्या इस्पितळात प्रयोगशाळेत काम करणारी भाची केसर नेमकी आली होती. तिनं त्याला अलिबागला हलवलं, म्हणून तो वाचला.

तरी चंद्राबाईचं मन डळमळत होतं. "करणी उतरली का, यंत्राला विचारून येऊ."

"विचारू की, मावशी," म्हणत केसरनं तिच्या हाती एक बाटली दिली, एक स्वतः घेतली.

"धन्याची हाय," बाटली नवऱ्याचीच समजून चंद्राबाई म्हणाली. पट्टी लाल. "सासूचा आत्मा," बुवांनी उसासा टाकला.

केसरनं आपली म्हणून दिलेल्या बाटलीची पट्टी मात्र पिवळीच. शिकलेल्या पोरीच्या वाटेला बुवा कशाला जातील?

"दोन्ही बाटल्यांत एकाच शहाळ्याचं पाणी आहे," केसर म्हणाली. "शहाळ्याला सासू कधीपासून आली?"

मांडव खदखदून हसला. गर्दीतल्या भिकू नाखव्यानं यंत्राखालचं फडकं उचललं. आत दोन नळ्या: एकीत साधं पाणी, दुसरीत चुन्याची निवळी. तोटीची दोरी बुवांच्या पायाच्या अंगठ्याला बांधलेली; ओढली की पट्टीवर निवळी.

चंद्राबाईनं पट्टी हुंगली. "हळद नि चुना. ह्ये तर कुंकू करतात तसं." तिनं पट्टी फेकून दिली. "यापायी मी त्यांची सुई बंद केली."

भिकूनं केसरला विचारलं, "तुमच्याकडंबी थेंब तपासणारं यंत्र हाय म्हनं. त्ये खरं कशावरून?"

केसरला प्रश्न आवडला. "रोज सकाळी आम्ही त्याला मोजून साखर घातलेलं पाणी देतो. उत्तर चुकलं, तर रोग्याचा थेंब त्याला मिळत नाही. आमच्या यंत्रालाही परीक्षा द्यावी लागते, काका. जो परीक्षेला नाही म्हणतो, तो बुवा असो की डॉक्टर, त्याच्या हाती आपला माणूस देऊ नका."