चमक वगळलेली पावडर

धाकटीचा डावा गाल पावडरीने भाजल्यासारखा झाला होता, आणि ती पावडर ताईनेच स्वतःच्या हातांनी मिसळली होती.

त्या गालावर जन्मापासून जांभळा डाग. तो झाकायचा की मिरवायचा हा तिचा प्रश्न. त्यात नाक खुपसायला गावभरचे शहाणे टपलेलेच असतात. धाकटीला झाकायचा होता. बेकरीत भट्टीला लागून असलेल्या काउंटरवर नोकरी लागली होती, आणि पाव घेणाऱ्या प्रत्येकाने "अगं बाई, हे काय झालं?" विचारावं, हे तिला नको होतं. म्हणून ताईने डबी आणून दिली. खनिजांची, शुद्ध, असं डबीवरच छापलेलं. तीन दिवसांत गालाची आग आग.

"माझी कातडीच मेली रडकी," धाकटी म्हणाली. "बेकरीवाला म्हणतो, आठ दिवसांत बरी होऊन ये, नाहीतर दुसरी बघतो."

"कातडीला शिव्या देऊ नकोस. आधी डबीला देऊ."

ताई कामाला जायची तो पावडरीचा कारखाना म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या तीन खोल्या. ती वजन करायची आणि मिसळायची. अभ्रक, झिंक ऑक्साईड, लोखंडाचे रंग, आणि भर म्हणून बिस्मथ ऑक्सिक्लोराईड. एवढं लांबलचक नाव कोण घेणार? सगळे त्याला 'चमक' म्हणत. चमक घातली की पावडर रेशमासारखी घसरते, मोत्यासारखी झळकते आणि डबी पटकन भरते. झाकायचं काम मात्र दुसरेच जिन्नस करतात.

ताईने चमकेच्या गोणीसोबत आलेला कागद शोधून काढला. मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं: काहींच्या त्वचेला खाज येऊ शकते. दोन वर्षं तो कागद कपाटात पडून होता. वाचला कुणी? कुणीच नाही. अगदी ताईनेही नाही. याचा तिला सगळ्यात जास्त राग आला.

"सर, चमक काढून एक बॅच करून बघू."

मालक हसला. "ताई, मी प्रत्येक बॅच मनगटावर लावून बघतो. कधी साधी खाज नाही आली."

"थंडगार खोलीत, कोरड्या मनगटावर, मिनिटभर. मग पुसून टाकता. बायका काय मिनिटभर लावतात? माझी बहीण भट्टीशेजारी आठ तास उभी असते."

"मग भट्टी आणू का इथे?"

"जिना आहे की."

ताई बोलून गेली आणि मग मागे हटली नाही. दोघांनीही एका गालाला नेहमीची पावडर लावायची, दुसऱ्याला तिने चमचाभर मिसळलेली, चमक वगळलेली. तळापासून गच्चीपर्यंत पाच खेपा, घाम पुसायचा तो टॉवेलने घासून. चमकेनेच होतंय हे कळल्याशिवाय बहिणीच्या सोललेल्या गालावर ती दुसरं काही फासणार नव्हती.

"आणि काहीच झालं नाही तर?" मालकाने विचारलं.

"तर उद्यापासून येत नाही."

डब्या भरणाऱ्या बाईने हातातला चमचा ठेवला. तिला सगळे डबीवाली म्हणत. "मीही येते. सरांना धापा टाकताना बघायची संधी परत कुठे मिळणार?"

तिघं चढली, उतरली, परत चढली. तिसऱ्या खेपेला मालकाचं पोट त्याच्या पुढे आणि जीव मागे. पाचवी खेप संपवून अर्धा तास बसली. मालकाने आरशात पाहिलं. दोन्ही गाल सारखेच. ताईचेही तसेच.

"झालं समाधान?" मालक म्हणाला.

ताईने टॉवेल घडी करून ठेवला. नोकरी गेली, आणि बहिणीचा प्रश्न होता तिथेच.

तेवढ्यात तिचं लक्ष डबीवालीकडे गेलं. ती बोलायची थांबली होती, हीच मोठी गोष्ट. उजवा गाल खाजवत होती. नेहमीच्या पावडरीचा गाल. त्यावर लालबुंद पुरळ, आणि डावा स्वच्छ.

"हे तर माझं नेहमीचंच," डबीवाली म्हणाली. "इथलीच डबी लावते मी. दोन वर्षं होतंय. वाटायचं, साबण बाधतो. तीन साबण बदलले."

कंपन्या भर घालतात आणि बायका साबण बदलतात. कुणाला डबीचा संशय येत नाही, सगळ्या आपल्याच कातडीला कोसतात.

"तिघांत एकीलाच झालं," मालक म्हणाला, पण आवाज पडला होता.

"ती एक माझी बहीण असते, सर. परत आलेल्या डब्यांसोबत तक्रारीच्या चिठ्ठ्या येतात, त्यांना काय उत्तर देता?"

मालकाने गालावरून हात फिरवला. "तुमची त्वचा नाजूक आहे, असं."

"हं."

"पण चमक काढली तर डबीत निस्तेज दिसेल पावडर."

"डबीत कोण राहतं?"

मालकाने चमकेची गोणी पायाने भिंतीकडे सरकवली. मग म्हणाला, "एक बॅच कर. कागदावर काय घातलं ते सगळं लिही. काय नाही घातलं तेही."

सहाव्या दिवशी धाकटीचा गाल निवला. तिने नवी पावडर आधी कानामागे लावली, घरी चुलीजवळ एक दिवस काढला, मग गालावर लावली. आठव्या दिवशी ती काउंटरवर होती. संध्याकाळी ताई पाव घ्यायच्या निमित्ताने डोकावली. भट्टी धडधडत होती आणि धाकटीच्या कपाळावरून घाम निथळत होता.

"खाज?"

"अजिबात नाही. पण ताई, रंग चुकलाय. पांढरी पाल दिसते मी. पिवळा वाढव जरा."

"फुकट ते फुकट, वर नखरे!"

"मग? आता रोज लावणारे मी."

ताई पावाची पिशवी घेऊन बाहेर पडली. पिवळा किती वाढवावा, याचा हिशोब तिने रस्ता ओलांडता ओलांडताच सुरू केला.