जिवंत हा एक शब्द

वॉशिंग्टनमध्ये खरं बोलण्याचा पगार फार थोड्या लोकांना मिळतो. वर्ना स्टॅडलर त्यांतली एक. दर तीन महिन्यांनी ती सरकारला एक अहवाल धाडायची. ऑल्डनमूर या वित्तकंपनीने खासदारांकडे आपलं म्हणणं पोचवायला किती डॉलर खर्चले, कोणत्या विधेयकासाठी, आणि कंपनीतर्फे कोणकोण त्यांच्या दारी गेलं, हे त्यात लिहायचं आणि खाली सही ठोकायची. रक्कम दहा हजारांच्या गोळाबेरजेत चालते, नावं मात्र चोख लागतात. एखाद्याने काम सोडलं की त्याचं नाव वेगळ्या रकान्यात टाकून कमी करायचं असतं. नाहीतर संगणक मागच्या तिमाहीची यादी जशीच्या तशी पुढे ओढतो.

एप्रिलमध्ये नेमकं तेच झालं. लेलँड फिस्क फेब्रुवारीत वारला होता. सव्वीस वर्षं शेजारच्या केबिनमध्ये बसलेला, कंपनीतर्फे खासदारांच्या दारी जाऊन लॉबिंग करणारा माणूस. वर्ना त्याच्या दफनाला गेली होती, त्याच्या बायकोकडे, नोरीनकडे, हॅम-बटाट्याचा भाजलेला ट्रेही घेऊन गेली होती. एवढं सगळं करून यादीतून नाव काढायचं तेवढं राहून गेलं.

जूनमध्ये टेसचा फोन आला. टेस संसदेच्या समितीत विधेयकांचे मसुदे सांभाळायची. मे महिन्यात नवीनच लागली होती.

"तुमच्या लेलँडना सांगा, त्यांचा मुद्दा आमच्या साहेबांना पटत चाललाय."

"कोण लेलँड?"

"फिस्क. मंगळवारी येऊन गेले ना. कॉफीला नको म्हणाले. लॉबिंगवाला माणूस आणि फुकटच्या कॉफीला नको! हात मात्र गारठलेला होता बाई त्यांचा. तुमच्याकडे एसी फारच लावतात वाटतं."

"तू चेहरा पाहिलास त्यांचा?"

"चेहरे कोण बघतंय इथे? कार्ड पाहिलं."

कुणीतरी लेलँडची जुनी कार्डं वापरतंय, अशी वर्नाने स्वतःची समजूत घातली. ती दोन दिवस टिकली. शनिवारी दुपारी ती नोरीनकडे गेली. नोरीनने दार उघडलं आणि काही विचारायच्या आतच म्हणाली, "तुलाही कळलं तर."

लेलँड रोज संध्याकाळी घरी येत होता. बूट काढत नव्हता, जेवत नव्हता, जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसून राहायचा.

"मी म्हटलं, लेल, तू गेलास रे. तर म्हणतो, मग यादीत माझं नाव कसं? अजून दोन कचेऱ्या राहिल्यात म्हणतो. रोज दोनच राहिलेल्या असतात." नोरीनने वर्नाचा हात धरला. "काढ गं त्याचं नाव. फार थकलाय तो."

वर्नाला भीतीहून जास्त लाज वाटली. चूक तिची होती.

ज्या विधेयकासाठी लेलँड हे जिने झिजवत होता त्यात एक साधं कलम होतं. म्हाताऱ्या खातेदाराने फोन केला तर तीन मिनिटांच्या आत तो जिवंत माणसाने उचलला पाहिजे. कंपनीला कलमाशी वैर नव्हतं. तिला फक्त एक शब्द गाळून हवा होता, 'जिवंत'. यंत्राकडून फोन उचलवून घ्यायचे असतील, असा सगळ्यांचा समज होता. त्या एका शब्दापायी तिमाहीला सात लाख ऐंशी हजार डॉलर जात होते.

सोमवारी वर्ना कंपनीच्या वॉशिंग्टन शाखेच्या प्रमुखाकडे, क्लेटनकडे गेली. तो सॅलड खात होता.

"मला ठाऊक आहे," तो म्हणाला. "मेल्यापासून त्याने खासदारांच्या सात कचेऱ्या आपल्या बाजूला वळवल्यात. हयातीत त्याला तिथे कुणी बसायलाही सांगितलं नव्हतं. रजा मागत नाही, बोनस मागत नाही. सप्टेंबरात समितीचं मतदान आहे. एक तिमाही थांब."

"क्लेटन, खाली सही माझी असते."

"आणि तुझं पेन्शन दोन वर्षांवर आलंय. धमकी नाही हं देत, आठवण करून देतोय. एका विशेषणाचा तर प्रश्न आहे."

जुलैच्या अहवालात वर्नाने लेलँडचं नाव जाणूनबुजून तसंच ठेवलं आणि सही केली. तिची बाजू घ्यावीशी फार वाटते, पण घेता येत नाही. नोरीनला तिने सांगितलं, की मुदत हुकली, ऑक्टोबरात नक्की काढते. नोरीनने विश्वास ठेवला. "त्याच्या बुटांचे तळवे पार झिजलेत," एवढंच ती म्हणाली.

सप्टेंबरात समितीने तो शब्द गाळला. चर्चा चार मिनिटं झाली. टेस नंतर म्हणाली, की फिस्क मागच्या रांगेत बसून होते आणि मतदान संपल्यावरही उठले नाहीत.

ऑक्टोबरच्या वीस तारखेला वर्नाने लेलँडचं नाव शेवटी त्या वेगळ्या रकान्यात टाकलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नोरीनचा फोन आला. लेलँड घरी आला नव्हता. दोघी फोनवर रडल्या, आणि कित्येक महिन्यांनी वर्नाला शांत झोप लागली.

नाताळाच्या आधी विधेयकाचा कायदा झाला. जानेवारीतल्या एका सकाळी नोरीनने पुन्हा फोन केला. नवऱ्याच्या पेन्शनच्या कागदासाठी तिने कंपनीच्या मदतक्रमांकावर फोन लावला होता.

"पहिल्याच घंटीला उचलला गं."

"कुणी?"

"लेलँडने. आवाज त्याचाच. मागे आणखी खूपजण बोलत होते, सगळे हळू, एका सुरात. मी म्हटलं, लेल, मी नोरीन. तर म्हणाला, बाईसाहेब, ओळख पटवण्यासाठी जन्मतारीख सांगाल का?"

वर्नाने सवयीने अहवालाचा कोरा नमुना पुढे ओढला आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितला. खासदारांकडे जाणाऱ्यांची यादी सरकार मागतं. फोन उचलणाऱ्यांची कुणी मागत नाही. त्याला बाहेर काढायला एकही रकाना नव्हता.

"तू काढशील ना गं त्याला तिथून?" नोरीनने विचारलं. "मागच्यासारखं?"

वर्ना हो म्हणाली.