ओल्या फडक्याखालची दुरडी

ताज्या अंड्याच्या कवचावर एक पातळ, कोरडा थर असतो. नुकतेच घातलेले अंडे धुतलेल्या अंड्याशेजारी ठेवले, तरच तो कळतो. न धुतलेल्याची चमक किंचित मंद असते. कवचाची बारीक छिद्रे हा थर झाकून ठेवतो.

मित्रांनो, मी एक जुनी बांबूची दुरडी आहे. मौद्याच्या बाजारात एका बुरुडाकडून जिजाबाईंनी मला घेतले आणि नागपूरच्या घरी आणले. तेव्हापासून परसातल्या कोंबड्यांची अंडी माझ्यात विसावत आली. माझी घट्ट वीण पाहून शेजारणी मला हातात घेऊन बघायच्या.

घरात फ्रिज होता, पण अंड्यांना त्यात जागा नव्हती. जिजाबाईंचे यजमान रुपराव अंडे खात नाहीत, आणि देवाच्या नैवेद्याचे दूध फ्रिजमध्येच असते. म्हणून अंडी मागच्या पडवीत राहत, तिथेच वेगळ्या शेगडीवर उकडत. हा नियम कुणी कधी बोलून दाखवला नव्हता. सून कामिनी मिहानमध्ये औषधांच्या कंपनीत काम करते. उन्हाळा आला की ती फ्रिजचा विषय काढी. जिजाबाई म्हणत, "त्यायले कोण सांगन वं?" आणि विषय तिथेच संपे.

त्याऐवजी जिजाबाई अंडी घासून धूत आणि माझ्यावर ओले फडके टाकत. माठ गार राहतो, तशी अंडीही राहतील, असे त्यांना वाटे. पण धुण्याने तो थर निघून जाई, आणि ओल्या कवचातून जंतूंना आत शिरणे सोपे होई. थंडीत न धुतलेली अंडी माझ्यात चांगली टिकत; मे महिन्यात पडवीच तापते.

अशाच एका दुपारी नात वैभवीला उलट्या झाल्या, अंग तापले. तिने सकाळी अर्धकच्चे अंडे खाल्ले होते. कामिनी तिला सदर भागातल्या दवाखान्यात घेऊन गेली. जिजाबाईंनी माझ्यातली उरलेली अंडी एकेक करून फोडली. एकाला वास येत होता. एकात लाल शिरा फुटल्या होत्या. उष्णतेने आत पिल्लू वाढू लागले होते. मग त्या माझ्याशेजारीच बसून राहिल्या.

संध्याकाळी वैभवी स्वतःच्या पायांनी घरात आली आणि आइसक्रीम मागू लागली. डॉक्टरांनी सांगितले, तिला ऊन लागले होते. भर दुपारी ती गच्चीवर खेळत होती. सलाइनने ताप उतरला. जिजाबाईंनी तिला पोटाशी धरले आणि बराच वेळ सोडले नाही. या वेळी दोष अंड्याचा नव्हता, पण पुढच्या वेळी असू शकतो, एवढेच कामिनी म्हणाली.

मित्रांनो, माझ्यात आता बहुधा लसूण राहील. थोडे वाईट वाटते, पण त्या दुपारपुढे ते काहीच नाही. अशा उन्हात अंडी न धुता थंड जागी ठेवा, नीट शिजवून खा. आणि टोपलीला टोपलीचेच काम द्या.

त्याच संध्याकाळी रुपराव नातीजवळ बसले होते. जिजाबाई त्यांच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. आवाज चढवला नाही, पण खालीही आणला नाही.

"आयका, देवाचं दूध वरच्या कप्प्यात राहीन. अंडे खाली, डब्यात झाकून. आजपासून अंडे फ्रिजमंदीच राहतीन."