धीर नको, देवा

घरात तिला सगळे धाकटी म्हणत. केस पांढरे झाले, गुडघे कुरकुरायला लागले, तरी ती धाकटीच राहिली. चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत ती काचा घासून फ्रेममध्ये बसवायची. दुपारी जेवणाच्या सुट्टीत घरी धावायची, अप्पांना भरवायची, त्यांची कूस बदलायची आणि तोंडातला घास गिळत पुन्हा यंत्रापाशी येऊन बसायची.

अप्पा एके काळी शाळेचे मुख्याध्यापक होते. त्यांच्या नुसत्या खाकरण्याने वर्ग चिडीचूप व्हायचा. अर्धांगवायूने उजवी बाजू गेली आणि जीभही वळेनाशी झाली. ते काय म्हणतात हे एकट्या धाकटीला कळायचं, आणि तिथेच तिचं घोडं अडलं. दादा फोनवर म्हणायचा, "तुला त्यांचं कळतं गं, आम्हाला कुठे कळायला?" हे बोलून तो असा मोकळा व्हायचा, जणू तिचं कौतुकच केलंय. वहिनीची पाठ दुखायची, घर लहान पडायचं, आणि दरवर्षी ही कारणं नव्याने इस्त्री करून आल्यासारखी कडक असायची.

धाकटीने तोंडातून कधी ब्र काढला नाही. चर्चमधल्या बायका म्हणायच्या, काय सोशिक पोर आहे, देवाची खरी लेक! ती हसायची. घरी आल्यावर मात्र भांडी इतक्या जोरात घासायची की एका पातेल्याचा कान तिच्या हातात आला होता.

एकदा पाळकसाहेबांनी तिला उपासनेनंतर थांबवलं. येत्या रविवारी सहनशीलतेवर प्रवचन आहे, तेव्हा तू पुढे येऊन चार शब्दांत आपल्या अनुभवाची साक्ष दे, असं ते म्हणाले. ती सवयीने "बरं" म्हणाली. दादाला बातमी कळली तेव्हा त्याने आपण वहिनीला घेऊन नक्की येणार असं कळवलं. बहिणीचा सत्कार असल्यासारखा त्याचा आवाज फुलला होता.

शनिवारी वेदीवरची फुलं बदलायची पाळी तिची होती. चर्चमध्ये दुसरं कोणी नव्हतं. फुलदाण्या भरून झाल्यावर ती पहिल्या बाकावर गुडघे टेकून बसली आणि रोजची प्रार्थना सुरू केली, "देवा, मला धीर दे." पुढचे शब्द येईनात. मग जे आलं ते तिचं तिलाच अनोळखी होतं.

"धीर नको, देवा. धीर पुष्कळ झाला. इतकी वर्षं मी तेच मागतेय आणि तू तेच देतोयस. मला एक सकाळ दे, जिच्यात मला कोणी हाक मारणार नाही. मला राग आलाय. दादाचा, अप्पांचा, आणि तुझाही."

बोलून झाल्यावर ती अंग चोरून बसून राहिली, कोणी रागावणार असल्यासारखी. कोणी रागावलं नाही. समोर भिंतीवर क्रूस होता. त्याच्याकडे पाहता पाहता तिच्या मनात आलं, ज्याच्या नावाने मला सगळे गप्प राहायला सांगतात, तो स्वतः तरी कुठे गप्प राहिला? मरताना त्याने मोठ्याने ओरडून आपल्या बापाला जाब विचारला, मला का टाकलंस म्हणून. म्हणून कोणी त्याला कमी श्रद्धेचा म्हणत नाही. ती उठली, डोळे पुसले आणि ताठ मानेने घरी गेली.

रविवारी चर्च भरलं होतं. अप्पा चाकांच्या खुर्चीत, शेजारी दादा नव्या कोटात. धाकटी पुढे गेली.

"पाळकसाहेबांनी मला सहनशीलतेवर बोलायला सांगितलंय," ती म्हणाली. "पण मी सोशिक नाही. मी घाबरट होते. माझा राग मी पोटात ठेवला आणि तुम्ही त्याला भक्ती म्हणालात. काल मी तो देवापुढे ठेवला. त्याने मला हाकलून दिलं नाही. म्हणून आज तुमच्यापुढेही ठेवते. अप्पा माझ्या एकटीचे वडील नाहीत. मी थकलेय. माझी साक्ष एवढीच."

पाळकसाहेब बराच वेळ गीताचं पान शोधत राहिले.

बाहेर अंगणात दादाने तिला गाठलं. त्याचा चेहरा पडला होता. चारचौघांत घराची लाज काढलीस, हे घरात बोलता आलं असतं, असं तो दबक्या आवाजात म्हणाला.

"घरात तू येतोस कुठे?" धाकटी म्हणाली. "पुढच्या महिन्यापासून अप्पा तीन महिने तुझ्याकडे, मग तीन महिने माझ्याकडे. त्यांचं बोलणं मी तुला शिकवीन. मीही शिकलेच की."

वहिनीने हात आपल्या दुखऱ्या पाठीवर नेला. तेवढ्यात खुर्चीतून अप्पांनी घशातून एक ओबडधोबड आवाज काढला. त्यांचे डोळे भरले होते आणि डावा हात खुर्चीवर आपटत होता.

"काय म्हणतायत?" दादाने विचारलं.

"उशीर केलास, म्हणतायत."

कोणाला म्हणाले ते तिने सांगितलं नाही. दादाने मान खाली घातली आणि खुर्ची गाडीपर्यंत तोच ढकलत गेला.

पुढच्या महिन्यात अप्पा दादाकडे गेले. सुरुवातीला फोन खणखणायचा. हे काय मागतायत, ते का ओरडतायत? ती सांगायची आणि फोन ठेवून द्यायची, धावत जायची नाही. अप्पांच्या रिकाम्या पलंगाकडे पाहून तिला रडू यायचं, आणि रडून झालं की ती पाय पसरून निवांत बसायची.

चर्चमध्ये काही बायका तिच्याशी जपून बोलू लागल्या. एकजण मात्र उपासनेनंतर हळूच तिच्याजवळ आली आणि देवाशी तसं बोललेलं खरंच चालतं का, असं विचारू लागली.

"चालतं," धाकटी म्हणाली. "फक्त हळू बोलू नका."